जॉइंट किती हलला? वेव्ह रिस्पॉन्समधून डिस्प्लेसमेंट काढताना

"सर, रन झाला, एरर एकही नाही. पण जॉइंट डिस्प्लेसमेंट कुठं आहे?"

ऑफशोअर स्ट्रक्चरचं काम नव्यानं शिकणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. रननंतर प्रोग्राम लिहून देतो ती लिस्टिंग फाइल शेकडो पानांची असते, त्यात बेस शिअर (तळाशी येणारा एकूण आडवा जोर) सापडतो, ओव्हरटर्निंग मोमेंट (प्लॅटफॉर्म उलथवू पाहणारा मोमेंट) सापडतो, पीरियड (एका झोक्याला लागणारा वेळ) सापडतात. हवा असलेला एक जॉइंट, म्हणजे मॉडेलमध्ये नळ्या जिथं जुळतात तो बिंदू, किती सेंटिमीटर सरकला, तेवढंच सापडत नाही. थोडक्यात उत्तर असं की ते मागावं लागतं, न मागता छापलं जात नाही. पण नुसतं मागून भागत नाही. हातात येणारा आकडा कुठल्या जातीचा आहे हे माहीत नसेल, तर तो न मिळालेला बरा, असं मी मनापासून म्हणतो. म्हणून हा लेख जरा मुळापासून लिहितोय.

मी सोलापूरचा. बारा वर्षं नवी मुंबईत जॅकेट प्लॅटफॉर्मची, म्हणजे समुद्रतळावरच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर उभ्या डेकची, डिझाइनं केली, आता जुळे सोलापुरात घरूनच तेच काम करतो. संध्याकाळी सिव्हिल-मेकॅनिकल झालेली चार-पाच मुलं शिकायला येतात. त्यातल्या काहींनी समुद्र एकदाच, गणपतीपुळ्याला गेल्यावर पाहिलेला. त्यांना मी सांगतो, समुद्र राहू दे बाजूला, संक्रांतीचे नंदीध्वज आठवा. बाराबंदी घातलेला माणूस कमरेच्या पट्ट्यात काठी पेलून चालतो. त्याची पावलं काठीच्या बुडाशी पडतात, पण डोलतो तो शेंडा. पावलं संथ असली की काठी त्याच्याबरोबर सरळ चालते. पावलांची लय आणि काठीची स्वतःची लय जवळ आली की शेंडा मोठा झोका घेतो, आणि मुरलेला मानकरी लगेच चाल बदलतो. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रतळात रोवलेली तशीच काठी. लाट म्हणजे पाऊल. डेक म्हणजे शेंडा. वेव्ह रिस्पॉन्स ॲनालिसिसमध्ये आपण हेच मोजतो: अमुक पावलांना शेंडा किती डोलेल.

लेखातली उदाहरणं सॅक्स या सॉफ्टवेअरची आहेत, कारण आपल्याकडच्या ऑफिसांत बहुतेकांची सुरुवात त्यावरच होते. त्यातलं सीस्टेट लाटांचे लोड काढतं, डायनपॅक मोड, म्हणजे स्ट्रक्चरच्या स्वतःच्या डोलण्याच्या तऱ्हा, काढतं आणि वेव्ह रिस्पॉन्स या दोघांची सांगड घालतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतील, क्रम हाच राहील.

आकडा कशासाठी हवाय?

रन मारायच्या आधी हे कागदावर लिहा. मुंबई हायचं उदाहरण घेऊ. १९७४ मध्ये तिथं तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पाणी साधारण ७५ मीटर खोल. तिथल्या प्रोसेस कॉम्प्लेक्समध्ये एकापेक्षा जास्त प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले असतात. पुलाचं एक टोक बांधलेलं, दुसरं सरकतं. सरकत्या टोकाखालचं बेअरिंग किती लांब ठेवायचं, हे ठरवायला दोन प्लॅटफॉर्ममधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते हवं. म्हणजे इथं हवं आहे सापेक्ष डिस्प्लेसमेंट, तेही वादळातलं कमाल. जादा वायू जाळायच्या फ्लेअर टॉवरच्या टोकाला बसवलेल्या यंत्रासाठी मात्र कदाचित प्रवेग हवा असेल, डिस्प्लेसमेंट नकोच. फटीगसाठी, म्हणजे पुनःपुन्हा वाकून धातू थकतो त्या हिशेबासाठी, हवा असेल रोजच्या लाटांमध्ये आकडा कमी-जास्त होण्याचा फरक. तिन्ही ठिकाणी लोक "डिस्प्लेसमेंट द्या" असंच म्हणतात. विचारणाऱ्याला उलट विचारा, त्यात कमीपणा नाही.

कुठल्या बिंदूचं हवं, तेही ठरवा. बेअरिंग जिथं बसतं तिथं मॉडेलमध्ये जॉइंट आहे का? नसेल आणि जवळचा जॉइंट ३ मीटर खाली असेल, तर त्या जॉइंटच्या फिरण्याचा हिस्सा धरावा लागेल. फिरणं ०.००२ रेडियन असेल तर ३ मीटरवर तेवढ्यानंच ०.६ सेंटिमीटर वाढतात. त्यापेक्षा बेअरिंगच्या जागी आत्ताच एक जॉइंट घाला आणि कडक मेंबरनं (मॉडेलमधल्या नळीनं) जोडून टाका. रिझल्ट आल्यावर जॉइंट घालायचा म्हणजे सगळी साखळी पुन्हा चालवायची.

पायरी १: साधा स्थिर रन

डायनॅमिक्सला हात लावण्यापूर्वी मॉडेल स्थिर लोडखाली चालवा. डेकवर आडवा १,००० किलोन्यूटन लोड द्या आणि डेक किती सरकतो ते बघा. समजा २ सेंटिमीटर सरकला. म्हणजे कडकपणा झाला मीटरला ५०,००० किलोन्यूटन. डेकचं वस्तुमान, त्यात जॅकेटचा, पायांतल्या पाण्याचा आणि ॲडेड मासचा (मेंबरबरोबर हलणाऱ्या आजूबाजूच्या पाण्याचा) वरचा हिस्सा मिळून परिणामकारक ७,००० टन धरलं, तर पीरियड येतो २π गुणिले ७,००० भागिले ५०,००० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.३५ सेकंद. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढं डायनपॅकनं २.४ दिला तर जीव भांड्यात पडतो. ०.९ किंवा ५ दिला तर तिथंच थांबायचं, पुढं जायचं नाही.

याच रनमध्ये एकक बघून घ्या. सॅक्सच्या मेट्रिक मॉडेलमध्ये डिस्प्लेसमेंट सेंटिमीटरमध्ये आणि फिरणं रेडियनमध्ये छापून येतं. मिलिमीटर समजून वाचलं की दहापट चूक होते, आणि ती डोळ्याला दिसत नाही, कारण दोन्ही आकडे पटण्यासारखेच वाटतात.

आणखी एक गोष्ट, सोलापूरकरांना पटकन समजणारी. सॅक्सची इनपुट फाइल जुन्या पंचकार्डांच्या काळातली आहे. ओळ ८० अक्षरांची, आणि कुठला आकडा कितव्या रकान्यात बसायचा ते ठरलेलं. म्हणून आजही लोक ओळीला 'कार्ड' म्हणतात. आपल्या चादरीच्या जॅकार्ड मागावर छिद्रं पाडलेल्या कार्डांची माळ असते ना, तसंच. एक छिद्र शेजारी पडलं तर चादर विणली जातेच, माग थांबत नाही, फक्त मोराची मान तुटते. इथंही आकडा एक रकाना सरकला तर रन होतो, एरर येत नाही, फक्त ५.० चे ५० होतात. म्हणून इनपुट लिहिताना टॅब वापरू नका, सारख्या रुंदीच्या अक्षरांचा एडिटर वापरा, आणि प्रोग्रामनं इनपुट कसं वाचलं ते लिस्टिंगमध्ये परत छापलेलं असतं, ते ओळ-ओळ ताडून बघा. माझ्याकडच्या मुलांकडून पहिला महिनाभर मी हेच करून घेतो.

पायरी २: पाइल आणि माती

मातीचा कडकपणा लोडप्रमाणे बदलतो, पण मोड काढायला एकच, सरळ रेषेतला कडकपणा लागतो. म्हणून पाइलचं, म्हणजे समुद्रतळात ठोकलेल्या खांबांचं, वेगळं ॲनालिसिस करून पाइलहेडशी सरळ कडकपणाचं सुपरएलिमेंट, म्हणजे पाइल आणि मातीच्या जागी मॉडेलला जोडायचा तयार तुकडा, बनवतात. ते कुठल्या लाटेसाठी बनवलं हे महत्त्वाचं आहे. शंभर वर्षांच्या वादळाच्या लोडवर बनवलं तर माती मऊ दिसेल, पीरियड लांबेल. रोजच्या लाटांवर बनवलं तर उलट. तुमचा प्रश्न ज्या लाटेचा, सुपरएलिमेंटही त्याच दर्जाच्या लाटेवर बनवा.

पायरी ३: डायनपॅकमधून मोड

इथं नवख्यांची पहिली खरी अडचण येते. हजारो जॉइंटच्या मॉडेलमध्ये प्रत्येक जॉइंटच्या सहाही हालचाली घेऊन मोड काढत नाहीत. काही जॉइंट राखून ठेवतात, बाकीच्यांचा कडकपणा आणि वस्तुमान त्यांच्यावर आणून घालतात. सॅक्समध्ये हे जॉइंटच्या फिक्सिटीच्या जागी, म्हणजे कुठल्या हालचाली बांधल्यात ते लिहितात तिथं, सांगायचं असतं. २२२००० लिहिलं की त्या जॉइंटच्या तीन सरळ हालचाली राखल्या गेल्या. प्रत्येक मजल्यावर पायांवरचे जॉइंट, डेकचे कोपरे आणि जिथं जड यंत्र आहे तो जॉइंट इतके तरी राखा. आणि ज्या जॉइंटचं डिस्प्लेसमेंट हवंय तोही राखा, हे मी आग्रहानं सांगतो. न राखलेल्या जॉइंटची हालचाल राखलेल्यांवरून काढली जाते. एखाद्या लांब कॅन्टिलिव्हरच्या टोकाची स्वतःची थरथर त्यात हरवू शकते.

वस्तुमान पूर्ण आलंय का ते तपासा. स्टीलचं वजन प्रोग्राम स्वतः धरतो. डेकवरची यंत्रं, पाइपिंग, टाक्यांतलं पाणी, माणसांची राहण्याची जागा हे सगळं मॉडेलमध्ये लोड म्हणून दिलेलं असतं, त्याचं वस्तुमानात रूपांतर करायला वेगळं सांगावं लागतं. ते विसरलं की डेक हलका राहतो, पीरियड कमी येतो, आणि सगळं छान, सुरक्षित दिसू लागतं. पाण्याखालच्या मेंबरचं ॲडेड मास आणि पाणी भरलेल्या पायांतलं पाणी हेही त्यात यायला हवं.

रन झाला की मोड शेप पडद्यावर हलवून बघा. साध्या चार किंवा आठ पायांच्या जॅकेटमध्ये पहिले दोन मोड दोन आडव्या दिशांचे आणि तिसरा पिळाचा निघणं स्वाभाविक. पहिल्याच मोडमध्ये एखादी एकटी ब्रेस (तिरकी आधाराची नळी) फडफडताना दिसली तर ती कुठंतरी सुटलेली आहे. या रनमधून मोडची फाइल आणि वस्तुमानाची फाइल अशा दोन फाइली निघतात. पुढच्या पायरीला दोन्ही लागतात, आणि दोन्ही एकाच रनच्या असल्या पाहिजेत.

पायरी ४: लाटा

इथं थोडं थांबू, कारण डिस्प्लेसमेंटचं बरंवाईट इथंच ठरतं.

दोन रस्ते आहेत. एक, ठरावीक उंचीची, ठरावीक पीरियडची एकच लाट स्ट्रक्चरमधून पुढं सरकवायची आणि प्रत्येक क्षणाला काय होतं ते बघायचं. दोन, खरा समुद्र म्हणजे असंख्य लहानमोठ्या लाटांची सरमिसळ, ती स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या पीरियडला किती ऊर्जा त्याच्या आलेखात, मांडायची. पिअरसन-मॉस्कोविट्झचा स्पेक्ट्रम १९६४ चा, पूर्ण वाढ झालेल्या समुद्राचा. जॉन्सवॅप १९७३ चा, त्याचं शिखर जास्त टोकदार. दुसऱ्या रस्त्यानं जायचं तर आधी ट्रान्सफर फंक्शन काढावं लागतं: प्रत्येक पीरियडची एकक लाट आली तर जॉइंट किती हलतो, त्याची वक्ररेषा.

ही वक्ररेषा काढायला कुठले पीरियड घ्यायचे? मुलं सरळ २, ४, ६, ८, १० असे घेतात, आणि तिथंच घोटाळा होतो. ७५ मीटर खोल पाण्यात ९.८ सेकंदांपर्यंतची लाट खोल पाण्याचीच मानता येते, आणि तिची लांबी १.५६ गुणिले पीरियडचा वर्ग इतकी भरते. ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब. आता जॅकेटचे पाय लाटेच्या दिशेत २५ मीटर अंतरावर आहेत असं धरा. लाटेची लांबी ५० मीटर असेल तेव्हा एका पायाशी लाटेचा माथा आणि दुसऱ्याशी खळगा. एकावर जोर पुढं, दुसऱ्यावर मागं. बेरीज जवळपास शून्य. हे होतं ५.७ सेकंदांना. लांबी २५ मीटर झाली की दोन्ही पायांशी एकाच वेळी माथा, जोर दुप्पट. हे ४ सेकंदांना. म्हणजे ४ ते ५.७ या एवढ्याशा पट्ट्यात वक्ररेषा शिखरावरून दरीत उतरते. तिथं दोनच बिंदू ठेवले तर शिखर तरी हुकेल किंवा दरी तरी, आणि बिंदूंमधली सरळ रेघ भलतंच सांगेल.

आपला पहिला पीरियड २.४ सेकंद. त्याच्या आसपास तर आणखी दाट बिंदू हवेत. डॅम्पिंग, म्हणजे डोलणं विझवणारा अटकाव, २ टक्के असेल तर अगदी जुळलेल्या पीरियडला स्थिर डिस्प्लेसमेंटच्या २५ पट वाढ होते, पण ते शिखर फार अरुंद असतं. मी २.० ते २.८ मध्ये निदान आठ-दहा बिंदू ठेवतो, त्यातला एक अचूक नैसर्गिक पीरियडवर.

आता लाटेची उंची. पाण्याचा जोर काढणारं मॉरिसनचं समीकरण १९५० चं. त्यातला ड्रॅगचा, म्हणजे वाहत्या पाण्याच्या ओढीचा, भाग पाण्याच्या वेगाच्या वर्गात जातो. उंची दुप्पट केली की तेवढा भाग चौपट होतो. म्हणजे 'एकक लाटेमागे इतकं' हे म्हणणं कुठल्या उंचीवरून भागाकार केला त्यावर अवलंबून राहतं. यावर उपाय म्हणून सगळ्या लाटा सारख्याच तीव्र उताराच्या घेतात, बहुधा उंची म्हणजे लांबीचा विसावा भाग. ८ सेकंदांच्या लाटेला ५ मीटर, ४ सेकंदांच्या लाटेला १.२५ मीटर, २.४ सेकंदांच्या लाटेला ०.४५ मीटर. पीरियड लांबत गेला की या नियमानं उंची अवास्तव वाढते, म्हणून वरची मर्यादा घाला. जिथं पाणी खोल राहत नाही तिथं १.५६ चं सूत्रही सोडून द्या.

वर्गाच्या या भागाची आणखी एक खोड आहे. ७.२ सेकंदांची लाट आली तर ड्रॅगचा जोर फक्त ७.२ सेकंदांच्या लयीत येत नाही, त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे २.४ सेकंदांच्या लयीतही येतो, मुख्य भागाच्या साधारण एक पंचमांश. आपल्या प्लॅटफॉर्मचा पीरियड नेमका तोच. एकाच लाटेच्या रनमध्ये ७.२ सेकंदांवर डेक अचानक जास्त हलताना दिसला तर ती प्रोग्रामची चूक समजू नका. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोन दिवस इनपुटमध्ये चूक शोधत होतो.

डॅम्पिंगबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेच्या एपीआय या पेट्रोलियम संस्थेच्या आरपी २ए या ऑफशोअर डिझाइनच्या मानकामध्ये, वेगळा पुरावा नसेल तर वादळी लाटांसाठी २ ते ३ टक्के आणि फटीगसाठी २ टक्के असं आहे. तेच वापरा आणि रिपोर्टमध्ये लिहा.

पायरी ५: आता मागा

वेव्ह रिस्पॉन्सच्या इनपुटमध्ये कुठलं आउटपुट हवं ते सांगायची जागा असते. एकूण बेस शिअर आणि ओव्हरटर्निंग मोमेंट एका बाजूला, निवडलेल्या जॉइंटची हालचाल दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या भागात जॉइंटची नावं एकेक करून द्यायची, दिशा द्यायची, आणि डिस्प्लेसमेंट हवं की वेग की प्रवेग ते सांगायचं. सगळे जॉइंट मागू नका, लिस्टिंग हाताळता येत नाही. पाच-सहा पुरे: डेकचे दोन विरुद्ध कोपरे, हवा असलेला जॉइंट, पाण्याच्या पातळीजवळचा एक, आणि समुद्रतळाशी एक.

समुद्रतळाचा का? कारण शून्य कुठून मोजलंय ते त्यातून कळतं. पाइलचं सुपरएलिमेंट जोडलं असेल तर तळाचा जॉइंटही थोडा सरकलेला दिसेल. तो तंतोतंत शून्य आला तर सुपरएलिमेंट रनमध्ये पोचलंच नाही, मॉडेल खडकात रोवल्यासारखं चाललंय.

मागूनही आकडे आले नाहीत, तर ही कारणं बघा. जॉइंटचं नाव चार अक्षरांच्या रकान्यात एका घरानं सरकलंय. मॉडेलमध्ये तो जॉइंट नंतर कुणी काढून टाकलाय किंवा त्याचं नाव बदललंय. तुम्ही स्थिर रनच्या लिस्टिंगमध्ये शोधताय आणि आकडे वेव्ह रिस्पॉन्सच्या लिस्टिंगमध्ये आहेत. किंवा मोड फाइल जुन्या मॉडेलची आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडची एक मुलगी तीन संध्याकाळी यातच अडकली होती. तिनं मॉडेलमध्ये बेअरिंगचा जॉइंट घातला होता, पण डायनपॅक पुन्हा चालवलं नव्हतं. फाइलींच्या तारखा शेजारी-शेजारी लावल्यावर मिनिटात कळलं. तेव्हापासून ती प्रत्येक फाइलच्या नावात रनचा क्रमांक घालते. सवय चांगली आहे, तुम्हीही लावून घ्या.

पायरी ६: आकडा वाचणं

स्पेक्ट्रमच्या रनमध्ये बहुतेक वेळा हातात येतो तो आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ. समजा डेकच्या जॉइंटचा आरएमएस १.२ सेंटिमीटर आला. याचा अर्थ डेक जास्तीत जास्त १.२ सेंटिमीटर हलतो असा अजिबात नाही. तीन तासांच्या वादळात, हालचालीचा सरासरी पीरियड ८ सेकंद असेल, तर १,३५० झोके होतात. त्यातला सगळ्यात मोठा झोका साधारणपणे आरएमएसच्या ३.८ पट असतो: दोन गुणिले झोक्यांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम, त्याचं वर्गमूळ. म्हणजे ४.६ सेंटिमीटर. डेक लाटेच्या लयीऐवजी स्वतःच्या २.४ सेकंदांच्या लयीत डोलत असेल तर झोके होतात ४,५००, गुणक ४.१ आणि कमाल ४.९ सेंटिमीटर. रिपोर्टमध्ये १.२ लिहिणारा आणि ४.९ लिहिणारा एकाच रनकडे बघत असतात.

शिवाय हे सगळं मध्यापासून एका बाजूला. मध्य कुठं आहे? वारा आणि प्रवाह प्लॅटफॉर्मला एका बाजूला दाबून धरतात, ते सरकणं स्पेक्ट्रमच्या आकड्यात नसतं. ते स्थिर रनमधून काढून वेगळं मिळवायचं. ट्रान्सफर फंक्शन वाचताना तसाच एक प्रश्न: भागाकार लाटेच्या पूर्ण उंचीनं केलाय की अर्ध्या? इथं दुपटीची चूक दडलेली असते.

आता ती चूक, जी माझ्या हातून झाली होती आणि जी मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष. दोन प्लॅटफॉर्म, मध्ये ५० मीटरचा पूल. दोन्हींचे वेगळे रन, दोन्हींच्या पुलाजवळच्या जॉइंटचं कमाल डिस्प्लेसमेंट मी काढलं: एकाचं ४.४, दुसऱ्याचं ३.८ सेंटिमीटर. वजाबाकी केली आणि सापेक्ष हालचाल ०.६ सेंटिमीटर असं तक्त्यात लिहिलं. तपासणाऱ्या वरिष्ठांनी तक्ता वाचला, मला बोलावलं आणि कागदावर एक लाट काढली. ८ सेकंदांची, १०० मीटर लांब. दोन प्लॅटफॉर्म ५० मीटरवर. एकाशी माथा तेव्हा दुसऱ्याशी खळगा. एक पुढं जातो तेव्हा दुसरा मागं येतो. त्या लाटेला वजाबाकी नव्हे, बेरीज: ८.२ सेंटिमीटर. माझ्या ०.६ वर बेअरिंग काढलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते समजलं होतं. आजही पुलाचा आकडा लिहिताना तो कागद डोळ्यांसमोर येतो.

कमाल आकडा काढला की वेळ पुसली जाते. कुठल्या क्षणाचा, हे त्यात राहत नाही. म्हणून सापेक्ष हालचाल हवी असेल तर दोन्ही जॉइंट एकाच रनमध्ये, एकाच लाटेच्या एकाच क्षणाला बघायचे, आधी वजाबाकी आणि मग कमाल. स्पेक्ट्रममध्येही तेच: दोन जॉइंटच्या ट्रान्सफर फंक्शनची वजाबाकी फेजसकट, म्हणजे कोण किती आधी-मागं हलतं ते धरून, करायची आणि मग आरएमएस काढायचा. दोन वेगळी मॉडेलं असतील तर लाटेचा माथा कुठून मोजायचा तो बिंदू दोन्हीकडे एकच ठेवा. यातलं काही शक्य नसेल, तर वजाबाकीच्या वाटेला जाऊच नका, दोन कमाल आकड्यांची सरळ बेरीज करा. बेअरिंग थोडं लांब होईल, पूल निसटणार नाही.

दुसरी वाट, पडताळणीसाठी

वेव्ह रिस्पॉन्स दर क्षणाचे पाण्याचे आणि जडत्वाचे जोर एकत्र करून समतुल्य स्थिर लोड तयार करून देतो. ते लोड मूळ मॉडेलवर, त्याच सुपरएलिमेंटसकट, स्थिर रनमध्ये चालवा. मग स्थिर रनच्या नेहमीच्या पर्यायातून जॉइंट डिफ्लेक्शन छापून घ्या, हव्या त्या सगळ्या जॉइंटचं. पडद्यावर वाकलेला आकारही बघता येतो. मला ही वाट जास्त भरवशाची वाटते. मोडमधून आलेल्या डिस्प्लेसमेंटमध्ये तुम्ही घेतलेल्या मोडपुरतीच हालचाल असते, इथं मॉडेलचा पूर्ण कडकपणा वापरला जातो. लाटेच्या थेट माऱ्यात येणारा मेंबर किंवा बोट लँडिंगसारखी जागा असेल तर फरक ठळक दिसतो. डेकवर मात्र दोन्ही वाटांचे आकडे जवळ यायला हवेत. आले नाहीत तर मोड कमी पडलेत किंवा दोन रनमध्ये पाया वेगळा आहे.

आणि शेवटी हातानं एक पडताळा. पीरियड २.४, लाट ८ सेकंदांची, गुणोत्तर ०.३. त्याचा वर्ग ०.०९, एकातून वजा केल्यावर ०.९१, आणि एक भागिले ०.९१, म्हणजे वाढ सुमारे १.१ पट. त्याच लाटेखाली स्थिर रनमध्ये डेक ४ सेंटिमीटर सरकला असेल तर वेव्ह रिस्पॉन्समध्ये ४.४ च्या आसपास हवा, ड्रॅगच्या तिसऱ्या लयीमुळं थोडा जास्त. ९ आला तर सही करू नका.

तक्त्यात आकडा लिहिताना त्याच्या शेजारी त्याची जात लिहा. माझ्याकडची मुलं आता असं लिहितात: "डेक, वायव्य कोपरा, बेअरिंगचा जॉइंट, पूर्व-पश्चिम दिशा, मध्यापासून एका बाजूला कमाल ४.९ सेंटिमीटर, तीन तासांचं वादळ, डॅम्पिंग २ टक्के, पाइल सुपरएलिमेंटसह, वाऱ्या-प्रवाहाचं स्थिर सरकणं धरलेलं नाही, ते पुढच्या रकान्यात." ओळ लांब होते. होऊ द्या.